खनिज सापडलं म्हणजे नेमकं काय सापडलं?

फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यातून बातमी आली की सलाल-हैमाना भागात ५९ लाख टन लिथियम सापडलंय. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, म्हणजे जीएसआयने केलेल्या कामातून हा आकडा आला होता. दुसऱ्या दिवसापासून वाहिन्यांवर भारत लिथियमच्या साठ्यांत जगात कितवा, याचे तक्ते फिरायला लागले. चीन मागे पडला, आखातातल्या तेलासारखं आपलं नशीब उघडलं, वगैरे.

पुढे त्या जागेचा लिलाव निघाला, तेव्हा कागदपत्रांत चित्र वेगळं दिसलं. ५९ लाख टन हे वजन लिथियमचं नव्हतं. ते लिथियम ज्या बॉक्साइटच्या थरात मिसळलेलं आहे, त्या थराचं होतं. त्यातला लिथियम धातू भरतो सुमारे ३,४०० टन. म्हणजे एक टन माल खणला तर ५८० ग्रॅमच्या आसपास. ऑस्ट्रेलियातल्या ग्रीनबुशेस खाणीत हेच प्रमाण टनाला आठ-नऊ किलोच्या घरात जातं. विजेवर चालणाऱ्या एका मोटारीच्या बॅटरीत साधारण आठ किलो लिथियम धरलं, तर रियासीतला कणन् कण काढूनही सव्वाचार लाख गाड्या होतील. देशात वर्षाला चाळीस लाखांहून अधिक मोटारी विकल्या जातात. शिवाय अशा मातकट खडकातून लिथियम काढायचं तंत्र जगात अजून मोठ्या प्रमाणावर रुळलेलंच नाही. ती जागा घ्यायला पुरेसे बोलीदार आले नाहीत, पहिला लिलाव रद्द झाला, दुसऱ्या फेरीतही ती विकली गेली नाही आणि सरकारने जीएसआयला आणखी शोधकाम करायला सांगितलं.

या प्रकरणात कुणी खोटं बोललं असं नाही. पण देशांतर्गत खाणकाम वाढवण्याचं सरकारी धोरण समजून घ्यायचं तर ‘जमिनीखाली काहीतरी आहे’ आणि ‘ते कारखान्यात वापरता येतं’ यांच्यामधला लांबलचक रस्ता आधी बघायला हवा. धोरणाचा सगळा जोर या रस्त्याच्या सुरुवातीला आहे. खरी अडचण मात्र मध्यावर आणि शेवटाला आहे, असं मला वाटतं.

कोणती खनिजं हे आधी पाहू. जून २०२३ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने ३० खनिजांची यादी काढली आणि त्यांना क्रिटिकल मिनरल्स, म्हणजे कळीची खनिजं म्हटलं. लिथियम, कोबाल्ट, निकेल, ग्राफाइट, तांबं, टंगस्टन, टायटॅनियम, गॅलियम, जर्मेनियम, रेअर अर्थ (दुर्मिळ मृदा) मूलद्रव्यं यांच्यासोबत त्यात पोटॅश आणि फॉस्फरससारखी खताची खनिजंही आहेत. निवडीचे निकष दोन: अर्थव्यवस्थेला ती किती लागतात, आणि पुरवठा अडण्याचा धोका किती. लिथियम, कोबाल्ट, निकेल यांसाठी आपण जवळपास पूर्णपणे आयातीवर आहोत.

धोका म्हणजे काय, ते ४ एप्रिल २०२५ नंतर वाहन उद्योगाने अनुभवलं. चीनने त्या दिवशी सात रेअर अर्थ मूलद्रव्यांवर आणि त्यांच्यापासून होणाऱ्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली. विजेवर चालणाऱ्या दुचाकीच्या मोटरमध्ये बसणारं चुंबक वजनाने थोडंच असतं, गाडीच्या किमतीत त्याचा वाटा नगण्य. पण ते नसेल तर गाडी कारखान्याबाहेर पडत नाही. पुढच्या काही महिन्यांत भारतातल्या कंपन्यांना उत्पादनाला कात्री लावावी लागली. असाच झटका जपानला २०१० मध्ये बसला होता. चीनने २०२३ मध्ये गॅलियम-जर्मेनियमवर आणि मग ग्राफाइटवर असेच परवाने आणले होते. तेव्हा २०२५ चा झटका अनपेक्षित होता असं म्हणता येत नाही.

आता कायदा. आपल्याकडे मोठ्या खनिजांचा कारभार खाणी व खनिजे (विकास आणि नियमन) अधिनियम, १९५७ यावर चालतो. ऑगस्ट २०२३ च्या दुरुस्तीने त्यात तीन मोठे बदल केले. लिथियम, बेरिल, नायोबियम, टँटलम, टायटॅनियम आणि झिर्कोनियमची खनिजं अणुखनिजांच्या यादीत होती, त्यामुळे खासगी कंपन्यांना तिथे फारसा वाव नव्हता. ती त्या यादीतून बाहेर आली. दुसरं, २४ खनिजांची वेगळी यादी करून त्यांचे लिलाव करण्याचा अधिकार राज्यांकडून केंद्राने आपल्याकडे घेतला. खाणपट्टा द्यायचं काम आणि मिळणारा पैसा मात्र राज्याचाच राहिला. तिसरा बदल शोध परवान्याचा, त्याकडे पुढे येतो.

त्यानंतर २९ नोव्हेंबर २०२३ ला पहिल्या २० जागांचा लिलाव जाहीर झाला. त्यातल्या १३ रद्द झाल्या. पहिल्या फेरीत तांत्रिकदृष्ट्या पात्र असे किमान तीन बोलीदार लागतात, आणि तितके आलेच नाहीत. नंतरच्या फेऱ्यांतून आतापर्यंत दोन डझनांहून अधिक जागा दिल्या गेल्या आहेत, पण ओढ थंडच म्हणावी लागेल.

थंड का? कारण ही पद्धत लोहखनिज आणि चुनखडीसाठी घडवलेली आहे. २०१५ नंतर खाणींचं वाटप लिलावानेच व्हायला लागलं, कोळसा घोटाळ्यानंतर ते गरजेचंही होतं. बोलीदार सांगतो की खाणीतून जो माल बाहेर पडेल त्याच्या किमतीतले इतके टक्के मी सरकारला देईन. रॉयल्टी वेगळी. जो जास्त टक्के बोलेल त्याला खाण. लोहखनिजात हे जमतं, कारण खाली किती माल आहे, कोणत्या प्रतीचा आहे, तो कुणाला आणि काय भावाने विकला जाईल, हे बोली लावणाऱ्याला आधीच ठाऊक असतं.

क्रिटिकल खनिजांत यातलं काहीच ठाऊक नसतं. आपल्याकडे शोधकामाच्या चार पायऱ्या मानतात, जी-४ पासून जी-१ पर्यंत. जी-४ म्हणजे टेहळणी: नकाशे, हवाई पाहणी, पृष्ठभागावरचे नमुने. जी-३ ला थोडं ड्रिलिंग होतं आणि अंदाज बांधला जातो. जी-२ ला बोअर जवळजवळ घेतले जातात आणि आकड्यावर भरवसा बसायला लागतो. जी-१ ला खाणीचा आराखडा करता येईल इतकी माहिती हाती येते. रियासीचा आकडा जी-३ चा होता. लिलावात काढलेल्या पुष्कळशा जागा जी-४ आणि जी-३ च्याच आहेत. अशा जागा ‘संमिश्र परवाना’ नावाच्या परवान्याखाली देतात, म्हणजे आधी स्वतःच्या खर्चाने शोधा आणि सापडलं तर खाण काढा. सापडेल की नाही ते देव जाणे, पण टक्का मात्र आजच कबूल करायचा.

छत्तीसगडमधल्या कोरबा जिल्ह्यातल्या कटघोरा इथली लिथियम आणि रेअर अर्थची जागा २०२४ मध्ये गेली, ती ७६.०५ टक्के बोलीवर. देशात लिलावाने दिलेली ही पहिली लिथियमची जागा म्हणून तिचं कौतुकही झालं. शंभर रुपयांचा माल बाहेर निघाला तर ७६ रुपये बोलीपोटी, आणि लिथियमवरची ३ टक्के रॉयल्टी निराळी. उरलेल्यात खणायचं, निवडायचं, मजुरी द्यायची. शुद्धीकरणाचा कारखानाही स्वतःचाच असेल तर पुढच्या टप्प्यावर नफा काढता येतो, हे खरं. तरी मला असा आकडा बघून आनंद होत नाही. राज्याच्या तिजोरीसाठी तो मोठा दिसतो, पण खाण सुरूच झाली नाही तर शून्याचे ७६ टक्के शून्यच. २०२२ च्या अखेरीस शिखरावर असलेला लिथियमचा भाव पुढच्या दोन वर्षांत ८० टक्क्यांहून अधिक कोसळला, हेही लक्षात घ्या.

शोध परवाना हा यावरचा उतारा म्हणून आणला गेला. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडामध्ये नवे साठे बहुतेक वेळा छोट्या कंपन्या शोधतात. त्या स्वतः खाण चालवत नाहीत, सापडलेली जागा मोठ्या कंपनीला विकून मोकळ्या होतात. आपल्याकडे आता अशा कंपनीला २९ खनिजांसाठी परवाना मिळू शकतो, आणि तिने शोधलेल्या जागेचा पुढे लिलाव झाला की खाणमालकाकडून सरकारला मिळणाऱ्या रकमेत तिचा वाटा राहतो. इथे बोली उलटी लागते: जो कमीत कमी वाटा मागेल त्याला परवाना. मार्च २०२५ मध्ये गोव्यातल्या कार्यक्रमात अशा पहिल्या १३ जागा जाहीर झाल्या. दिशा बरोबर आहे. पण शोधणाऱ्याला आपण शोधलेली जागा स्वतः विकता येत नाही, आणि पैसे कधी मिळणार हे सरकारी लिलाव आणि मग कुणा तिसऱ्याची खाण सुरू होण्यावर अवलंबून राहतं. खाण सापडल्यापासून उत्पादन सुरू होईपर्यंत जगात सरासरी १६ वर्षं लागतात, असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने काढलं आहे. इतकी वर्षं थांबू शकणारी छोटी कंपनी कुठून आणायची?

पैशाच्या बाजूने सरकारने हात आखडता घेतलेला नाही. २९ जानेवारी २०२५ ला मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनला मंजुरी दिली: सात वर्षांत १६,३०० कोटी रुपये सरकारी योजनेतून, आणि १८,००० कोटी सार्वजनिक कंपन्या वगैरेंनी घालावेत अशी अपेक्षा. म्हणजे ‘३४,३०० कोटींची योजना’ हे मथळ्यातलं वाक्य वाचताना त्यातला निम्म्याहून मोठा भाग अपेक्षेचा आहे हे ध्यानात ठेवावं. २०३०-३१ पर्यंत जीएसआयने १,२०० शोधप्रकल्प करायचे आहेत. खाणमालक जी रॉयल्टी भरतात तिच्या २ टक्के रक्कम शोधकामाच्या राष्ट्रीय निधीत जात होती, २०२५ च्या दुरुस्तीने ती ३ टक्के झाली. या सगळ्या यंत्रणेचा बराचसा भाग नागपुरात आहे. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय तिथे, शोधकाम करणाऱ्या एमईसीएल या सरकारी कंपनीचं मुख्यालयही तिथेच. मराठी वर्तमानपत्रांत मात्र त्याबद्दल फारसं वाचायला मिळत नाही.

आता ज्या भागाकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं, त्याकडे येऊ. यादीतल्या बऱ्याच खनिजांची स्वतंत्र खाण नसतेच. गॅलियम मिळतं बॉक्साइटपासून अॅल्युमिना बनवताना उरणाऱ्या द्रावणातून. जर्मेनियम, इंडियम आणि कॅडमियम येतात जस्ताच्या कारखान्यातून. सेलेनियम आणि टेल्युरियम हे तांबं विजेने शुद्ध करताना तळाशी जो गाळ बसतो त्यातून. उसाच्या मळीसारखंच हे: मळी हवी म्हणून कुणी ऊस लावत नाही, पण साखर कारखान्यात ती निघतेच, आणि साठवून वापरली नाही तर वाया जाते. भारतात अॅल्युमिनियम, जस्त आणि तांब्याचे मोठे कारखाने आधीपासून आहेत. तिथल्या गाळाचा, राखेचा आणि अॅल्युमिना काढून उरणाऱ्या लाल चिखलाचा हिशेब नीट लावला तर नवी खाण न खणता काही खनिजं हाताशी येतील. चीन गॅलियममध्ये जगावर राज्य करतो ते त्याच्याकडे गॅलियमचे डोंगर आहेत म्हणून नाही. अॅल्युमिनाचे अवाढव्य कारखाने आहेत आणि त्यांना गॅलियम काढायची यंत्रणा जोडलेली आहे, म्हणून.

२०२५ च्या दुरुस्तीतली एक तरतूद म्हणूनच मला लिलावांपेक्षा जास्त कामाची वाटते. आधी खाणपट्ट्यात नसलेलं खनिज सापडलं तर ते काढायला अडचणी होत्या. आता खाणमालक राज्याकडे अर्ज करून ते आपल्या पट्ट्यात जोडून घेऊ शकतो, आणि ते क्रिटिकल असेल तर त्यासाठी जादा रक्कम भरावी लागत नाही. या तरतुदीवर बातम्या फारशा झाल्या नाहीत, कारण तीत कुठलाही मोठा आकडा नाही.

तरीही समजा, खनिज जमिनीतून निघालं. पुढे काय? इथे रेअर अर्थची गोष्ट बघण्यासारखी आहे, कारण त्यात आपल्याला शोधायचं फारसं काही उरलेलं नाही. केरळ, तमिळनाडू, ओडिशा आणि आंध्रच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत मोनाझाइट हे रेअर अर्थ असलेलं खनिज आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या हिशेबाने भारताकडे ६९ लाख टन रेअर अर्थ साठे आहेत, म्हणजे जगात पहिल्या तीन-चारांत आपण बसतो. आयआरईएल ही सरकारी कंपनी १९५० पासून या क्षेत्रात आहे. मग २०२५ मध्ये चुंबकांसाठी आपण हवालदिल का झालो?

एक कारण मोनाझाइटमध्येच आहे. त्यात ८ ते १० टक्के थोरियम ऑक्साइड असतं, त्यामुळे ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत येतं आणि खासगी क्षेत्राला तिथे दार बंद आहे. किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध, मच्छीमार वस्त्या आणि किनाऱ्याची धूप हे प्रश्नही आहेत. आपल्या मोनाझाइटमध्ये डिस्प्रोसियम, टर्बियमसारखी जड मूलद्रव्यं काढण्याजोगी नाहीत, आणि चीनने परवाना नेमका त्यांच्यावर लावला. पण सगळ्यांत बोलकी गोष्ट वेगळीच आहे. आयआरईएल जे नियोडिमियम काढत होती, त्यातलं बरंचसं २०१२ च्या करारानुसार जपानला जात होतं. ते वापरून चुंबक करणारा उद्योग इथे नव्हता म्हणून. २०२५ मध्ये ती निर्यात थांबवण्याचं ठरलं, तेव्हाही इथे त्याचं करायचं काय हा प्रश्न होताच. आयआरईएलचा विशाखापट्टणमचा चुंबकांचा प्रकल्प वर्षाला ३ टन क्षमतेचा आहे, आणि तोही समॅरियम-कोबाल्टचा, नियोडिमियमचा नाही.

म्हणजे खाण होती, खनिज होतं, नियोडिमियमही होतं. मधले कारखाने नव्हते. चीनचा जगाच्या रेअर अर्थ खाणकामातला वाटा मोठा आहेच, पण शुद्धीकरणातला त्याहून कितीतरी मोठा, जवळपास ९० टक्के. कळीची जागा ती आहे. शुद्धीकरण म्हणजे आम्लांची आणि द्रावकांची शेकडो टाक्यांची रांग, भरपूर पाणी, भरपूर वीज आणि विल्हेवाट लावायला कठीण असा कचरा. चीनने तीन-चार दशकं हे प्रदूषण सोसून हा धंदा आपल्याकडे ओढला, आणि बाकीच्या जगाने तो खुशीने जाऊ दिला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ७,२८० कोटींची चुंबक योजना मंजूर झाली, तिचं महत्त्व यामुळे. वर्षाला ६,००० टन क्षमता उभी करायची, आणि मदतीचा मोठा भाग कारखाना बांधला म्हणून नव्हे तर चुंबक विकलं की मिळणार. ही रचना विचारपूर्वक केलेली दिसते. अडचण इतकीच की चीनने भाव पाडला तर काय, याचं उत्तर तिच्यात अर्धंच आहे. अमेरिकेत मोलिकॉर्प कंपनीने २०१० नंतरच्या भाववाढीत कॅलिफोर्नियातली माउंटन पास खाण पुन्हा सुरू केली, भाव पडले आणि २०१५ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. त्याच खाणीच्या आताच्या मालक कंपनीला अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जुलै २०२५ मध्ये दहा वर्षांसाठी किलोला ११० डॉलरचा किमान भाव बांधून दिला. शेतमालाच्या हमीभावाची कल्पना आपल्याला नवी नाही, पण खनिजांसाठी ती आपण अजून वापरलेली नाही. जपानने तिसरा मार्ग घेतला: २०११ मध्ये सरकारी संस्था आणि व्यापारी कंपनी मिळून ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पैसा घातला आणि तिच्या मालाला बांधील गिऱ्हाईक दिलं. दहाएक वर्षांत त्यांचं चीनवरचं अवलंबन ९० टक्क्यांच्या आसपासून ६० पर्यंत आलं. संपलं नाही, कमी झालं.

परदेशातून खाणी घेण्याची आपली खटपटही चालू आहे. २०१९ मध्ये तीन सरकारी कंपन्यांनी मिळून स्थापलेल्या काबिल कंपनीला अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात लिथियमसाठी १५,७०३ हेक्टरच्या पाच जागा मिळाल्या आहेत. जुन्या बॅटऱ्या आणि ई-कचऱ्यातून धातू काढण्यासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये १,५०० कोटींची योजना आली. भंगाराचा व्यवहार आपल्याकडे कसा चालतो हे माहीत असणाऱ्याला कळेल की इथला प्रश्न पैशाचा कमी आणि माल अधिकृत कारखान्यापर्यंत पोचण्याचा जास्त आहे.

राहता राहिली ती माणसं, ज्यांच्या जमिनीखाली हे सगळं आहे. ८ सप्टेंबर २०२५ ला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने आदेश काढून अणुखनिजं आणि वर सांगितलेली २४ खनिजं यांच्या खाणप्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली. कारण संरक्षण आणि राष्ट्रीय गरजेचं. पर्यावरणीय मंजुरी अजून लागते, आता ती खाण कितीही लहान असली तरी केंद्राच्या पातळीवर तपासली जाईल. पण गावकऱ्यांसमोर अहवाल मांडून त्यांच्या हरकती नोंदवायची बैठक होणार नाही.

हा सौदा मला चुकीचा वाटतो, आणि फक्त न्यायाच्या दृष्टीने नाही. त्या २४ खनिजांत ग्लॉकोनाइट, पोटॅश आणि फॉस्फेट आहेत. खताच्या खनिजासाठी संरक्षणाचं कारण कसं लागू होतं, हे आदेश वाचून उलगडत नाही. वर पाहिल्याप्रमाणे लिलाव अडले ते बोलीदार न आल्याने, माहिती अपुरी असल्याने आणि पुढे कारखाना नसल्याने. जनसुनावणी ही त्या रस्त्यावरची अडचण नव्हतीच. उलट, ज्या गावाला हरकत नोंदवायची अधिकृत जागा मिळत नाही ते गाव न्यायालयात जातं किंवा रस्त्यावर बसतं, आणि त्याला जनसुनावणीपेक्षा जास्त वेळ लागतो. वनहक्क कायद्याने आणि पेसाने (अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्याने) ग्रामसभेला दिलेले अधिकार या आदेशाने काढून घेतलेले नाहीत. कटघोरा ज्या कोरबा जिल्ह्यात आहे, तो राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासी भागांसाठीच्या खास तरतुदी लागू असलेला जिल्हा आहे. तिथे खाणीचं काम पुढे सरकेल तेव्हा पहिला प्रश्न ग्रामसभेतच विचारला जाईल.